न दिसणारी थरथर

३ फेब्रुवारी, सोमवार

जागा मिळाली! तिसरा मजला, एकच लांब हॉल, दारावर आमची पाटी: कृत्रिम दात, कॅप आणि कवळ्या. इतकी वर्षं मी आणि धाकटी बहीण दुसऱ्याच्या लॅबमध्ये दात घडवत होतो. आता स्वतःची लॅब. मी कधी डायरी लिहिली नाही, पण हे म्हणाले, "रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर डोक्यातलं सगळं माझ्या डोक्यावर ओतशील." म्हणून लिहितेय.

हॉलला एकाच बाजूला खिडक्या आहेत. पाण्याची लाइन तिकडेच, म्हणून प्लास्टरचं काम आणि बेसिन खिडकीपाशी ठेवलं. धाकटीचं टेबल आणि तिची छोटी भट्टी आत, भिंतीलगत. तिला काय, दिवे असले की झालं. आणि दिवे काय सुंदर आहेत! छतात बसवलेले पांढरे चौकोन, कुठे सावली म्हणून पडत नाही. भिंतीवर एक गोल बटण आहे, ते फिरवून उजेड कमी-जास्त करता येतो. मी दोनदा उगीचच फिरवून पाहिलं.

धाकटी दारातच थांबली. वर बघत म्हणाली, "ताई, हे दिवे हलतात का गं?"

"छतात ठोकलेले दिवे हलतील कुठे?" मी म्हटलं. ती हसली आणि ब्रश लावायला बसली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीने आज एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी सुळा केला. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, दात म्हणजे पांढरा तुकडा. ती पोर्सिलेनची ओली पूड ब्रशच्या टोकावर घेते, थरावर थर देते, कडेला जरा निळसर, मुळाशी जरा पिवळट, मध्ये एक बारीक चीर. म्हातारपणाला शोभेल असा दात. म्हणाली, "सत्तरीच्या माणसाला विशीचा दात दिला, तर तो लोकांसमोर हसायलाच लाजेल." हे तिला कोणी शिकवलं नाही. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे, आणि माझ्या हाताला जन्मात जमणार नाही ते करते.

ती आता पुढे झाप असलेली टोपी घालून काम करते. आम्ही तिला 'क्रिकेटवाली' म्हणायला लागलो.

संध्याकाळी माझे डोळे चुरचुरतात. नव्या रंगाचा वास असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटी जेवायला आली होती. यांच्याशी पत्त्यांत सरळ सरळ लबाडी केली आणि पकडली गेल्यावर यांनाच ओरडली. आठवडाभर कपाळ दाबून बसणारी हीच का ती? माझंही डोकं आज हलकं होतं. सुट्टी ही चीजच अशी आहे. मन निवांत असलं की शरीर तक्रार करत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं काम परत आलं. धाकटीचं काम परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एका बाजूची कड जाड राहिली होती. ती कॅप हातात घेऊन फिरवत राहिली. मग म्हणाली, "ब्रश हलवला की मला एक ब्रश दिसत नाही, ताई. ठिपक्याठिपक्यांचे पाच-सहा दिसतात. कुठलं टोक खरं ते हातानेच ओळखायचं."

उजेड तिच्या डोळ्यांवर येत असणार. मी उठले आणि बटण फिरवून उजेड निम्म्यावर आणला. हॉल कसा शांत, सायंकाळसारखा दिसायला लागला. तिने "थँक्यू ताई" म्हटलं, पण टोपी आणखी खाली ओढली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळ्यांचंच बिनसलं होतं. आमचे पॉलिशकाका म्हणजे देवमाणूस, दिवसभर चाकापाशी उभे राहून गुणगुणत असतात. त्यांनी आज प्लास्टरवालीला एवढ्याशा कारणावरून झापलं. मी काकांना झापलं. धाकटीने उठून तिघांना चहा दिला आणि म्हणाली, "चला, दात-ओठ खायची लॅब सुरू झाली आपली." सगळे हसले. तिचा स्वतःचा कप मात्र तसाच थंड झाला. मळमळतंय म्हणाली.

उजेड कमी करूनही हिचं दुखणं वाढतंच आहे, म्हणजे प्रश्न उजेडाचा नाही, हे तरी सिद्ध झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठं काम आलं. टीव्हीवर बातम्या देणारी एक बाई आहे, स्कूटरवरून पडून तिचा समोरचा दात गेला. तिच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन साचा दिला. समोरचा एकच दात करणं या धंद्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. शेजारी खरा दात उभा असतो, आणि तो क्षणात चुगली करतो. डॉक्टर धाकटीला म्हणाले, "मी दुसऱ्या कोणाकडे गेलोच नाही. बाईंनी कॅमेऱ्यासमोर जाणं थांबवलंय. घरातही तोंडावर हात ठेवून बोलतात."

ते गेल्यावर धाकटीने त्या बाईचा फोटो टेबलासमोर लावला. पडण्याआधीचा, हसतानाचा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी धाकटीने बेसिनपाशी ओकारी काढली. चूळ भरली, प्लास्टरच्या टेबलाला टेकून खिडकीबाहेर बघत दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली, आणि परत जागेवर. मी म्हटलं, "घरी जा." म्हणाली, "खिडकीपाशी बरं वाटलं. हा थर सुकायच्या आत संपवते." संपवला. मी पाहत होते. एवढं होऊनही ब्रश बरोबर जागी टेकत होता. याला हट्ट म्हणू की आणखी काही?

तिचा चष्मा तपासून घ्यायला हवा. आणि माझाही, अक्षरं नाचतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत आहेत. दोघींना तपासलं. दोघींचे डोळे ठणठणीत, माझा नंबर तोच. मग त्यांनी धाकटीला विचारलं, "सुट्टीच्या दिवशी दुखतं?"

"नाही."

"घरी, संध्याकाळी?"

"लॅबमधून निघाले की तासाभराने उतरतं."

"मग दुखणं तुमच्यात कमी आणि त्या जागेत जास्त आहे," बाई म्हणाल्या. "मला इथे बसून काही दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं मी म्हणणार नाही. दिवे, वास, आवाज, हवा, एकेक गोष्ट बदलून बघा."

धाकटी 'दिवे' शब्दाला ताठ बसली. पण मला वाटेतच उमगलं: वास! कवळ्यांच्या रसायनाचा वास! नव्या बंद हॉलमध्ये तो कोंडतो. सोमवारीच हवा ओढून टाकणारा मोठा पंखा बसवते. दिवे तर नवे कोरे आहेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पंखा बसला. विमान उडाल्यासारखा आवाज करतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण वास पार गेला.

आणि बातम्यांच्या बाईंचा दात परत आला. डॉक्टरांनी चिठ्ठीत एकच ओळ लिहिलीय: रंग जुळतो, पण दात जिवंत वाटत नाही.

धाकटीने चिठ्ठी वाचून फोटो भिंतीवरून काढला. "माझा हात गेला, ताई."

"वेडी आहेस का?"

"हे काम दुसऱ्या कोणाला दे. मी प्लास्टर करते. प्लास्टरवालीला पोर्सिलेन शिकवते, तिची नजर चांगली आहे."

मला राग आला. म्हटलं, "तुझ्या भरवशावर ही लॅब काढली, आणि तू आता प्लास्टर करणार?" पंख्याच्या आवाजात हे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलावं लागलं, आणि बोलून झाल्यावर परत घेता येईना. तिने मान हलवली. उरलेला दिवस खरंच प्लास्टरवालीला ब्रश कसा धरायचा ते दाखवत बसली. आपली जागा दुसऱ्याला देताना माणूस इतक्या प्रेमाने शिकवू शकतो?

घरी येऊन यांच्यासमोर रडले. हे म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. चावला असशील तर उद्या सांग तिला."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या हाताने लिहितेय. काका आज सुट्टीवर होते, म्हणून एक कवळी मीच पॉलिशला घेतली. पॉलिश झाल्यावर बटण दाबून चाक बंद केलं, असं मला वाटलं; पंख्याच्या आवाजात मोटर ऐकूच येत नव्हती. चाक हळूहळू फिरत थांबायला आलेलं दिसत होतं. त्याच्या कडेला पॉलिशच्या लाल वडीचा एक डाग आहे, तोही निवांत सरकताना दिसला. दोन डाग दिसले खरं तर, समोरासमोर. म्हटलं, थांबतंय. चाकाखाली अडकलेलं फडकं काढायला हात घातला.

चाक थांबत नव्हतं. पूर्ण वेगात होतं. फडकं ओढलं गेलं, अंगठा त्याच्याबरोबर. नख गेलं, टाके पडले. हाड वाचलं.

धाकटीने धावत येऊन मुख्य बटण बंद केलं, माझा हात उंच धरला, रुमाल आवळला. दवाखान्यात टाके घालताना मी तिच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. "म्हातारी झाले गं," मी म्हटलं, "फिरतं चाक थांबलेलं दिसायला लागलं."

तिने मला जरा बाजूला धरून विचारलं, "कसं दिसत होतं? नीट सांग."

सांगितलं. दोन डागांचंही सांगितलं.

"चाकावर डाग एकच आहे, ताई," ती म्हणाली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी घरी थांबायला सांगितलं होतं, पण धाकटीने सकाळी फोन केला, "बसता येत असेल तर ये. हात लावायचा नाही, फक्त बघायचं."

सगळ्यांना तिने पॉलिशच्या चाकापासून चार पावलं लांब उभं केलं. चाकाच्या कडेला खडूने एक जाड रेघ ओढली. पंखा बंद केला. चाक चालू केलं. मोटर पूर्ण वेगात ओरडत होती, आणि आमच्या डोळ्यांसमोर चाक जवळजवळ उभं होतं. एका रेघेच्या दोन रेघा झालेल्या, आणि त्या आळसटल्यासारख्या सरकत होत्या.

प्लास्टरवाली म्हणाली, "अगं बाई!" काका पुढे व्हायला लागले, तर धाकटीने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

मग ती भिंतीकडे गेली आणि बटण फिरवून उजेड पूर्ण केला. रेघा पुसट झाल्या, पण होत्या. मग तिने सगळे दिवेच बंद केले आणि खिडक्यांचे पडदे उघडले. दिवसाच्या उजेडात रेघा गेल्या. उरला नुसता धुरकट पांढरा गोल, धावतं चाक दिसावं तसा.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे मी इतके दिवस..." म्हणाले आणि स्वतःची बोटं मोजल्यासारखी बघत राहिले.

मी बटणाकडे बघत होते. निम्म्यावर मीच आणलं होतं. तिच्यासाठी.

"चाक थांबत नव्हतं, ताई," धाकटी म्हणाली, "आणि तू म्हातारी झालेली नाहीस." एवढंच. मी तिच्या जागी असते तर आठवडाभर गावभर सांगत फिरले असते की मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिने ते आजही काढलं नाही.

३ मार्च, सोमवार

वायरमन येऊन गेला. त्याने आधी मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला. पडद्यावर काळे पट्टे वर-वर सरकत होते. म्हणाला, "तुमच्या डोळ्यांना हा दिवा सलग पेटलेला दिसतो. पण तो सेकंदाला शंभर वेळा मंदावतो आणि पुन्हा उजळतो. चांगल्या दिव्यात हे सपाट करणारा भाग असतो. यात तो नावालाच आहे. आणि बटणाने उजेड कमी केला की हा दिवा सरळ विझत-पेटतच जातो, फक्त दिसत नाही."

"मग डोकं कसं दुखतं, दिसत नाही तर?" काकांनी विचारलं.

वायरमन म्हणाला, "ते डॉक्टरांना विचारा. माझं काम तारेपर्यंत."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नजरेला कळत नाही तेही मेंदूपर्यंत पोचतं, आणि तो दिवसभर त्याच्याशी झगडत राहतो. कोणाचं डोकं दुखतं, कोणाला मळमळतं, कोणी नुसतं चिडचिडं होतं. काहींना काहीच होत नाही." मग विचारलं, "तुम्हाला काय होत होतं?"

"मला? मला काही नाही," मी म्हटलं. "मी दणकट आहे."

इमारतीचे मालक म्हणाले की दिवे नवे आहेत, बदलायचं कारण काय? धाकटीने त्यांना खुर्ची दिली, चाक चालू केलं. त्यांनी हात पाठीमागे बांधून पाहिलं आणि बदलायला हो म्हणाले. पण नवे दिवे यायला वेळ आहे. तोवर काय?

तोवर सूर्य, असं धाकटी म्हणाली. बेसिन हलवता येत नाही, पण माणसं हलतात. तिचं टेबल, काकांचं चाक, सगळं खिडकीपाशी आलं. प्लास्टर आत गेलं, पाण्याच्या बादल्या उचलून. प्लास्टरवालीसाठी धाकटीने स्वतःच्या घरचा जुना पिवळा बल्ब आणून टांगला. काम उजाडताच सुरू, उजेड उतरला की बंद.

८ मार्च, शनिवार

तिने फोटो परत लावला आहे. या वेळी खिडकीच्या चौकटीवर.

मी अंगठा सांभाळत तिच्याजवळ स्टूल टाकून बसले. सकाळचं ऊन थेट येत नाही त्या बाजूला, नुसता स्वच्छ उजेड येतो. तिने टोपी घातली नव्हती. पूड भिजवली, पहिला थर दिला, ब्रश उचलला, थांबली. ब्रश हवेत इकडून तिकडे फिरवला, पुन्हा फिरवला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "ब्रश एकच आहे गं." आणि तिचे डोळे भरले. ते पुसून ती जी कामाला लागली, ती दात भट्टीतून दुसऱ्यांदा निघेपर्यंत थांबली नाही. शेजारच्या खऱ्या दाताला पुढून बारीक आडव्या लहरी होत्या, वाळूवरून पाणी गेल्यावर उमटतात तशा. त्या तिने एकेक करून नव्या दातावर आणल्या. इतकी वर्षं हा धंदा केला, पण माणूस घडवताना असा दिसतो हे मी इतक्या जवळून आजच पाहिलं.

११ मार्च, मंगळवार

बातम्यांच्या बाई स्वतः आल्या! असं कोणी येत नाही. लोकांना दात बसवणारे डॉक्टर माहीत असतात, घडवणारे नाहीत. जिना चढून आल्या आणि विचारलं, "कोणी केला?"

सगळ्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं. ती भट्टीमागे जायला निघाली होती.

बाईंनी तिला थांबवलं आणि हसल्या. बघा म्हणाल्या, कुठला तो सांगा. काकांनी चुकीचा दात सांगितला. मीही चुकीचा सांगितला, आणि मी तर तो माझ्या हाताने डबीत भरला होता. धाकटी आनंदाने इतकी लाल झाली की प्लास्टरवालीने तिच्यासाठी पाणी आणलं.

बाई जाताना म्हणाल्या, "काल मुलीला गोष्ट वाचून दाखवली. मध्येच ती म्हणाली, आई, आज तू हात नाही ठेवलास."

१९ मार्च, बुधवार

नवे दिवे बसले. वायरमन, धाकटी आणि खडूची रेघ, असं तिघांनी मिळून पास केले. प्लास्टर आत, पोर्सिलेन खिडकीपाशी, हे मात्र तसंच ठेवणार आहोत. वायरमनने बेसिनची लाइन वाढवणारा माणूस दिलाय. चाकाला जाळीचं झाकण बसलं.

काका पुन्हा गुणगुणतात. प्लास्टरवालीने केलेली पहिली दाढ धाकटीने पास केली. माझे डोळे चुरचुरायचे थांबलेत. हवापालट झाली असेल, ऋतू बदलला की मला नेहमीच बरं वाटतं. हे डायरीत डोकावून हे वाक्य वाचून इतके हसले की खोकला लागला. का ते सांगत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकामाचा हॉल आहे. चाळीसेक बायका मशीनवर बसतात. जिन्यात भेटतात, कधी कपाळाला बाम लावलेली असतात. आज दुपारी धाकटी खडू घेऊन उठली. "ताई, येतेस? खाली तेच दिवे आहेत."

धाकटी अनोळखी माणसाशी सहसा तीन वाक्यं बोलत नाही. दुकानात सुटे मागायचे तर मला पुढे करते. आणि आज चाळीस मशीनच्या खडखडाटात उभी राहून तिने तिथल्या मुख्य बाईंना सगळं सांगितलं. त्या कामाच्या गडबडीत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला तर काही दिसत नाही बाई. कोणाचं डोकं दुखलं तर ते घरच्या कटकटीने. उगाच एकीने म्हटलं की चाळीस जणींचं दुखायला लागेल."

मला वाटलं, आता ही मागे फिरेल. चेहरा पांढरा पडला होता. पण ती म्हणाली, "दिसत नाहीच. माझ्या ताईलाही दिसत नव्हतं." आणि माझा पट्टी बांधलेला हात हलकेच धरून पुढे केला. "पण मी सांगितलं तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून आमची लॅब वाचली."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती चेष्टा करत नव्हती, टोमणा मारत नव्हती. हे ती पुढेही असंच सांगणार, मला कळलं. आईला, यांना, येणाऱ्या-जाणाऱ्याला.

मुख्य बाई माझ्याकडे वळल्या. "खरं का?"

मशीन थांबत गेल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायका मान वळवून ऐकत होत्या, एक कपाळ चोळत होती.

"आता ठेवते," मी म्हटलं. "तुम्ही ठेवायला माझ्याइतका उशीर करू नका."

धाकटीने झटकन माझ्याकडे पाहिलं. मग त्या कपाळ चोळणाऱ्या बाईंनी आपल्या मशीनचं चाक तिच्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "माझ्या चाकावर काढ रेघ. पहिली माझ्यावर."